अण्णा, इथं पण माळवद हाय!

लोक स्पेनला येऊन अल्हाम्ब्रा बघतात, फ्लेमेन्को बघतात, बीचवर पालथे पडून राहतात. मी तीन दिवस एका तीनशे माणसांच्या गावात जाऊन लोकांच्या घरांची छपरं बघून आले. घरी येऊन फोटो मोजले तर एकशे बारा, त्यातले सत्तर तरी छपरांचे, आणि उरलेल्यातले निम्मे पाण्याच्या पाटाचे. नवरा म्हणाला इन्स्टावर टाकू नकोस, लोकांना वाटेल आपण वॉटरप्रूफिंगचा धंदा काढला. म्हणून इथं लिहितेय.

आम्ही मालागाला राहतो, तीन वर्षं झाली. इथं 1 नोव्हेंबरला सुट्टी असते, सगळ्या संतांचा दिवस, त्या दिवशी लोक आपापल्या गावी जाऊन घरच्यांच्या कबरीवर फुलं ठेवतात. ते आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही आपलं लाँग वीकेंड बघून ग्रानादाहून आल्पुखाराला जाणाऱ्या बसमध्ये बसलो तर अर्धी बस शेवंतीच्या कुंड्या मांडीवर घेऊन बसलेल्या आज्यांनी भरलेली. शेवंतीच हो, आपली पिवळी पांढरी, बस वळली की सगळ्या कुंड्या एकदम कलायच्या आणि सगळ्या आज्या एकदम "आय आय आय" करायच्या. आणि बस वळतच होती. लान्खारोन गेलं (तिथलं बाटलीबंद पाणी स्पेनभर मिळतं), ओर्खिवा गेलं, तिथून पुढं जो घाट सुरू होतो तो आमच्या वरंधा घाटाला म्हणेल बाळा तू बस खाली. दुसऱ्या बाजूला सरळ दरी, आणि ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरून पुढच्या सीटवरच्या बाईशी गप्पा मारतोय, मधूनमधून तिच्याकडं बघून. मी डोळे मिटून घेतले ते पंपानेइरालाच उघडले.

तर भूगोल असा की, सिएरा नेवादा म्हणजे बर्फाचा डोंगर, त्याच्यात मुलासेन नावाचं शिखर आहे, साधारण 3480 मीटर, आख्ख्या आयबेरियन द्वीपकल्पात सगळ्यात उंच. या डोंगराच्या दक्षिणेच्या उतारावर, भूमध्य समुद्राकडं तोंड करून, जी गावं लटकलेली आहेत तो भाग म्हणजे आल्पुखारा. त्यात पोकेइरा नावाच्या नदीची एक खोल घळ आहे आणि तिच्या एका अंगावर एकावर एक तीन गावं आहेत. खाली पंपानेइरा, मध्ये बुबिऑन, वर कापिलेइरा. कापिलेइरा 1436 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जरा वरच. आम्ही मधल्यात, बुबिऑनला राहिलो, कारण तिथं खोली स्वस्त मिळाली. लांबून बघितलं तर तिन्ही गावं डोंगरावर कुणीतरी चुन्याची फक्की सांडल्यासारखी दिसतात.

आता मुख्य गोष्ट. आम्ही बुक केलेल्या घराची चावी एका कोडवाल्या डबीत ठेवलेली होती आणि ती डबी उघडेना. घरमालकीण फोन उचलेना. थंडी मी म्हणत होती आणि आम्ही दारात बॅगा घेऊन उभे, तेवढ्यात वरून आवाज आला. वर बघितलं तर शेजारच्या घराच्या छपरावर एक आजोबा, सत्तरीपुढचे असतील, हातात फावडं, आणि छपरावर चक्क माती पसरायलेत. करडी, निळसर झाक असलेली माती. सपाट छप्पर, कडेला दगडी पातळ फरश्या बाहेर आलेल्या, त्यावर वजनाला धोंडे ठेवलेले, मध्ये एक गोल धुराडं, त्याच्या डोक्यावर फरशीची टोपी आणि टोपीवर परत एक धोंडा.

मी चावी विसरले. खरंच सांगते. मी नवऱ्याला म्हणलं, "अरे हे माळवद आहे." तो पुण्याचा, त्याला माळवद म्हणजे काय ते माहीत नाही, तो म्हणाला हो का, बरं, तू मालकिणीला परत लाव ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडं मराठवाड्यात आणि सोलापूरकडं जुनी घरं असायची ती माळवदाची. जाड दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर पाला, पाल्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणातली माती, तिचा गुण असा की पाणी पडलं की ती फुगते, एकमेकीला धरून बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात त्याच छपरावर झोपायचं, कुरडया वाळवायच्या, मिरच्या वाळवायच्या, आणि रोहिण्या निघायच्या आत नवीन पांढरी आणून टाकायची. उजेडाला मध्ये एक भोक ठेवलेलं असायचं, सानं. आम्ही पोरं त्या सान्यातून खाली चुलीपाशी बसलेल्या आजीच्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकायचो.

आणि ते सगळं, अगदी थरासकट, इथं आहे! भिंती दगडाच्या, हातभर जाड, वरून चुना. आत चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांच्यावर फळ्या नाहीतर बोरू, त्यावर दगडी फरश्या आणि सगळ्यात वर ही करडी माती, तिला म्हणतात लाउना. डोंगरातला पाटीच्या दगडासारखा जो खडक आहे तो झिजून झिजून झालेली माती. छपराला म्हणतात तेर्राओ. आणि त्यावर वाळत काय असतं, तर मिरच्या, अंजीर, मका. बुबिऑनला चर्चजवळ एक जुनं घर म्युझियम करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तर चूल, पोळपाटासारखी फळी, धान्याची कणगी, भिंतीतले कोनाडे, आणि नवरा जो आतापर्यंत सगळं हसण्यावारी नेत होता तो एकदम म्हणाला, तुझ्या आजीचं घर आहे हे. बघा, असा होतो बदल.

चावीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आजोबा खाली आले, डबीवर फावड्याच्या दांड्यानं एक ठोका दिला, उघडली. मग त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा की तुम्ही कुणाच्या? म्हणजे शब्दशः "तू कुणाची?" स्पेनच्या खेड्यात अनोळखी माणूस दिसला की हाच प्रश्न असतो म्हणे, घराणं कुठलं ते कळल्याशिवाय पुढचं बोलणंच नाही. आमच्या गावात पारावरची म्हातारी माणसं मला आजही हेच विचारतात, "कुणाची गं तू?" मालागात तीन वर्षांत मला कुणी हे विचारलं नाही, तिथं विचारतात "व्हेअर आर यू फ्रॉम" आणि मग पुढं बटर चिकन.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आजोबा परत छपरावर. घड्याळं नुकतीच मागं गेली होती, साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडं साडेतीन, अण्णा म्हणजे माझे वडील जेवून बाजेवर पडलेले असणार. मी व्हिडिओ कॉल लावला.

"अण्णा, इथं पण माळवद हाय!"

"कुठं?"

"स्पेनमदी."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोन नीट धर. हालवू नको. कडंला दाखव. पन्हाळ कुठाय?"

मी दाखवली. "लाकडाची हाय का पत्र्याची? ... आन् उतार कुठल्या अंगाला दिलाय? ... जाडी किती? इचार त्याला."

आता माझं स्पॅनिश म्हणजे ऑफिस आणि भाजी बाजार. उताराला काय म्हणतात मला काय ठाऊक. आणि आजोबा बोलतात अंदालुसियाचं स्पॅनिश, म्हणजे शब्दातला स खाऊन टाकायचा, शेवट खाऊन टाकायचा, उरेल ते एकदम बोलायचं. पण गंमत अशी झाली की माझी गरजच पडेना. आजोबांनी फोन हातात घेतला. एका हातानं माती उचलली, मुठीत दाबली, कॅमेऱ्यासमोर धरली. अण्णा म्हणाले, "हां हां, दाब दाब." आजोबांनी वीत उघडून जाडी दाखवली, वीतभर. अण्णांनी इकडून वीत उघडून दाखवली आणि वर दोन बोटं जास्तीची. आजोबा म्हणाले "ओम्ब्रे!" अण्णा म्हणाले "मग!" असं दहा मिनिटं चाललं. एक मराठवाड्याच्या मराठीत, एक आल्पुखाराच्या स्पॅनिशमध्ये, आणि मी नि नवरा दोघं खाली उभे राहून वर बघतोय.

मधे अण्णांनी विचारलं, खाली काय टाकलंय. मी आजोबांना विचारलं. त्यांनी जरा इकडं तिकडं बघितलं, मग कोपऱ्यातली माती बुटानं बाजूला केली. खाली काळं प्लास्टिक!

अण्णा एवढे हसले की खोकला आला. आम्ही पण शेवटी शेवटी तेच केलं होतं ना, पांढरीच्या खाली ताडपत्री. सगळ्या जगाला कळतं मग हे. मला नंतर कळलं की बऱ्याच घरांत आता तेच आहे, खाली प्लास्टिक नाहीतर सरळ काँक्रीट आणि वर दिसायला लाउना. कारण या घळीतली तिन्ही गावं 1982 मध्ये ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झालीत आणि गावाचं रूप बदलायचं नाही असा नियम आहे, म्हणून वरून माती पाहिजेच. आजोबांना विचारलं की लाउना कधी पण टाकता येते का, तर म्हणाले चंद्र उतरता असताना टाकायची, वद्य पक्षात, नाहीतर गळते. मी म्हणलं आज उतरता आहे का, तर म्हणाले आज सुट्टी आहे.

मग अण्णा एक वाक्य बोलले आणि विषय बदलला. "आपलं राह्यलं असतं तर आसंच दिसलं असतं."

आपलं म्हणजे आमचं घर. लोहारा तालुका, तेव्हाचा उमरगा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट ज्यांना आठवते त्यांना पुढं सांगायची गरज नाही. किल्लारीचा भूकंप. मी चार वर्षांची होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली किती तरी याच घरांच्या खाली, जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर टनावारी माती. आमच्या घराची पुढची भिंत पडली, आम्ही वाचलो, मग कित्येक महिने अंगणात पत्र्याखाली झोपलो, आजी तर त्यानंतर कधीच माळवदाखाली झोपली नाही, मरेपर्यंत ओसरीतच. मागचा अर्धा भाग उभा होता तो 2011 ला पाडून स्लॅब टाकला. तुळया लातूरच्या माणसाला विकल्या. म्हणून मला त्या "जुनी मातीची घरं किती थंड किती सुंदर" टाइपच्या रील्स बघवत नाहीत, थंड होती, सुंदर होती, आणि आजीला त्याच्याखाली झोप लागत नव्हती, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि हा पण भाग भूकंपाचाच आहे बरं का. ग्रानादा प्रांत स्पेनमध्ये भूकंपाच्या धोक्यात सगळ्यात वर. 1884 च्या ख्रिसमसच्या रात्री, 25 डिसेंबरला, इथून पश्चिमेला मोठा भूकंप झाला होता, आठशेच्या वर माणसं मेली, गावंच्या गावं दुसरीकडं हलवून बांधावी लागली. अगदी आपल्याकडं झालं तसं. हे मी अण्णांना फोनवर नाही सांगितलं.

बरं आता पाणी. कारण छपरांनंतर मला येडं केलं ते पाण्यानं.

गावात कुठंही उभं राहा, पाण्याचा आवाज येतो. पंपानेइरात तर एका उताराच्या गल्लीच्या मधोमध दगडी पाट आहे आणि त्यातून पाणी खळाळत खाली जातंय, दोन्हीकडं लोकांची दारं. चौकाचौकात पाण्याची तोटी, चोवीस तास चालू, त्याला तोटी बंद करायची चकतीच नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं बंद करायला गेले, आमच्याकडं टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या पोरीला वाहती तोटी बघवत नाही हो. एका तोटीवर तर लिहिलंय की लग्नाच्या इराद्यानं जो सडाफटिंग हे पाणी पिईल त्याला लगेच मुलगी मिळेल. माझ्या मामेभावाला फोटो पाठवलाय.

हे पाणी येतं कुठून तर बर्फातून, पण नुसतं वाहून येत नाही, आणलेलं आहे. हजार वर्षांपूर्वी इथं अरब आणि बर्बर (म्हणजे उत्तर आफ्रिकेतले) लोक होते तेव्हापासून डोंगराच्या अंगावरून पाट काढलेत, त्यांना म्हणतात आसेकिया. शब्द अरबी आहे, अस्-साकिया, पाणी पाजणारी. आपल्या गझलांमधला साकी आठवतो? तोच धातू. तो पेला भरतो, ही शेत. मला हे कळलं तेव्हा मी रस्त्यात उभी राहून हसले. तसे शब्द खूप आहेत, इथं साखर म्हणजे आसूकार आणि संत्रं म्हणजे नारांखा, आपल्याच शर्करा आणि नारंगाचे, फारसी-अरबीतून फिरत फिरत आलेले नातू.

पण त्यात एक प्रकार आहे तो मला सगळ्यात भारी वाटला. आसेकिया दे कारेओ. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा नदीला एकदम पाणी येतं, पण तेव्हा शेताला त्याची गरज नसते, गरज असते जुलै ऑगस्टला. धरण बांधायची सोय नव्हती. मग हे लोक काय करतात, तर वर दोन हजार मीटरच्या आसपास नदीचं पाणी पाटात वळवतात, पाट डोंगराच्या कडेनं नेतात, आणि जिथं जमीन पाणी पिते तिथं नेऊन मुद्दाम सोडून देतात. पाणी गायब. जमिनीत. मग ते डोंगराच्या आतून हळूहळू उतरतं आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी खाली झऱ्यातून बाहेर येतं, बरोबर उन्हाळ्यात, गावाच्या तोटीला आणि शेताला. म्हणजे डोंगर हाच हौद. पाणी अडवा पाणी जिरवा, फक्त यांच्याकडं त्याला हजार वर्षं झाली आणि बोर्ड लावलेले नाहीत.

हे पाट पण आपोआप चालत नाहीत. दर वर्षी साफ करावे लागतात, दगड पडतात, झुडपं वाढतात. पाणी कुणाला किती वेळ मिळणार याच्या पाळ्या ठरलेल्या, शेतकऱ्यांची संघटना असते, पाणी सोडायला माणूस नेमलेला असतो, त्याला आसेकिएरो म्हणतात, आपल्याकडचा पाटकरीच. खानदेशात फड पद्धतीत जे चालायचं तेच. माणसं गाव सोडून शहराकडं गेली तसे बरेच पाट बुजले. मग ग्रानादा विद्यापीठातल्या पुरातत्त्ववाल्या लोकांनी 2014 पासून, कान्यार नावाचं गाव आहे इथून जवळच, तिथून सुरुवात करून, विद्यार्थी आणि स्वयंसेवक घेऊन, फावडी घेऊन, पाट परत मोकळे करायला घेतलेत. पुरातत्त्वाचा माणूस म्हणजे ब्रश घेऊन मडकं साफ करणारा असं माझ्या डोक्यात, तर हे गाळ काढतायत.

आणि पाट राहिले कसे याची पण एक गोष्ट आहे, ती जरा वाईट आहे. 1492 च्या 2 जानेवारीला ग्रानादा ख्रिश्चन राजा-राणीच्या हाती पडलं, तिथला शेवटचा मुसलमान सुलतान बोआब्दिल याला राहायला हाच आल्पुखारा दिला, पुढच्या वर्षी तो मोरोक्कोला निघून गेला. मुलासेन शिखराचं नाव त्याच्या बापावरून, मुले हासेन. मागं राहिलेल्या मुसलमानांना बळजबरीनं ख्रिश्चन केलं, मग त्यांची भाषा, कपडे, हमामसुद्धा बंद. 1568 च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्यांनी उठाव केला, याच डोंगरात, तो 1571 पर्यंत चालला आणि वाईट पद्धतीनं चिरडला. नंतर राजा फेलिपे दुसऱ्यानं सगळ्यांना इथून हाकललं आणि उत्तरेकडून, गॅलिसिया, लेऑन, कास्तिया अशा भागांतून माणसं आणून गावं परत वसवली. आता या नवीन माणसांना माळवद कसं लिंपायचं आणि पाणी कुठं जिरवायचं ते कोण सांगणार? म्हणून, असं इथं सगळे सांगतात, गावटी दोन दोन जुनी कुटुंबं ठेवून घेतली, शिकवायला. त्या दोन कुटुंबांना कसं वाटलं असेल हो, शेजारपाजार रिकामा, आणि ज्यांना आपल्या लोकांच्या घरात आणून बसवलं त्यांनाच पाटाचं दार कसं उघडायचं ते दाखवायचं. मोरोक्कोत ऍटलासच्या डोंगरात बर्बर लोकांची घरं अगदी अशीच असतात, सपाट मातीच्या छपराची. बाकी स्पेनमध्ये बहुतेक कौलं.

फार इतिहास झाला, जेवणावर येते.

व्हेज लोकांनी इथं धीर धरावा. वर त्रेवेलेझ नावाचं गाव आहे, थंड कोरड्या हवेत तिथं डुकराच्या तंगड्या महिनोन्‌महिने टांगून हॅम करतात, 1862 मध्ये राणी इसाबेल दुसरीनं त्याच्यावर राजशिक्का दिला होता. कुठल्याही हॉटेलात शिरलात की छताला तंगड्या आणि प्रत्येक तंगडीखाली तेल टिपायला एक उलटी छत्री लावलेली, बाहुलीची असते तेवढी. मी अंडं खाते, मांस नाही. मी मांस नको म्हणलं तर वेटरनं नक्की विचारलं, हॅम पण नको? मग तिनं मला पापास आ लो पोब्रे आणून दिलं, म्हणजे गरिबाचे बटाटे. बटाट्याच्या काचऱ्या! हिरवी मिरची (तिखट नसलेली, मोठी), कांदा, लसूण, भरपूर ऑलिव्ह तेल, झाकण ठेवून वाफेवर, वर तळलेलं अंडं. आईच्या काचऱ्यांत फक्त हळद आणि मोहरी जास्त. मी दोनदा मागवलं. दुसरं म्हणजे मीगास, रव्याचं नाहीतर पिठाचं तेलात परतत परतत केलेलं, उकडपेंडीची चुलत बहीण समजा, आणि ते पाऊस पडायला लागला की करायचं असा रिवाज आहे, आपण भजी करतो तसं. शनिवारी संध्याकाळी भुरभुर सुरू झाली तर गल्लीतल्या तीन घरांतून एकदम लसणाचा वास.

आणि चेस्टनट. त्या दिवसांत सगळीकडं चेस्टनट भाजतात, भोकं पाडलेल्या तव्यात, आणि गावच्या गाव जमतं. चव साधारण रताळ्यासारखी. अण्णांना तेही फोनवर दाखवलं, ते म्हणाले आधी भाव इचार.

रविवारी आम्ही घळीतून चालत खाली नदीपर्यंत गेलो आणि परत चढून आलो, त्यात तीन तास आणि माझा डावा गुडघा गेला. वाटेत चेस्टनटची झाडं, पडकी घरं (माळवद पडलं की भिंती किती पटकन वितळतात ते बघायचं असेल तर इथं या), आणि कड्याच्या टोकाला गोल फरशी घातलेलं खळं. मळणीचं खळं! वारं जिथं चांगलं लागतं तिथंच, उपणायला सोपं म्हणून. मधोमध उभं राहिलं की समोर सगळी दरी आणि लांब समुद्राची एक पांढुरकी रेघ. त्यावर एक जर्मन जोडपं योगा करत होतं. पलीकडच्या डोंगरावर तिबेटी बौद्धांचं एक केंद्र आहे, ओ सेल लिंग, दलाई लामा 1982 ला येऊन नाव देऊन गेले होते, त्यामुळं या भागात तशी मंडळी भरपूर. मी जोडप्याला सांगायला गेले नाही की हे खळं आहे आणि खळ्यात चपला घालून जात नाहीत. आजी असती तर तिनं सांगितलं असतं.

तरुण माणसं गावात कमी. आजोबांचा मुलगा आल्मेरियाला, मुलगी बार्सेलोनाला. स्पेनमध्ये यावर मोठं राजकारण चालतं, "रिकामा केलेला स्पेन" असा शब्दच आहे, "रिकामा झालेला" नाही, "केलेला", 2019 च्या मार्चमध्ये माद्रिदला खेड्यांतून येऊन लोकांनी मोठा मोर्चा काढला होता. तसं बघितलं तर पोकेइराची गावं नशीबवान, टुरिस्ट येतात, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणलेल्या सतरंज्या विकल्या जातात, खारापास म्हणतात त्यांना. मी एक घेतली, पस्तीस युरोला. आई म्हणाली, चिंध्यांचे साडेतीन हजार? माझ्याकडं ट्रंकभर पडल्यात.

निघायच्या दिवशी आजोबांनी एका जॅमच्या बरणीत लाउना भरून दिली, अण्णांसाठी. फोनवर ठरलं होतं म्हणे दोघांचं, कधी आणि कुठल्या भाषेत देव जाणे. आता माती भारतात नेता येत नाही आणि तिकडची इकडं आणता येत नाही, दोन्हीकडं नियम आहेत, त्यामुळं बरणी मालागातच, आमच्या किचनमध्ये, साखरेच्या शेजारी. नवऱ्यानं तिच्यावर चिठ्ठी लावलीये, "खाऊ नये".

गेल्या रविवारी अण्णांचा फोन. म्हणाले, नेता येत नसंल तर राहू दे, पण बघ तर खरी कशी हाय ती. चहाची गाळणी घे. त्यात माती भर, भिजव, अंगठ्यानं चांगली दाब. दाबली का? आता वरून पाणी वत. हळू. फोन गाळणीच्या बुडाला लाव.

लावला. चार थेंब पडले. मग एक. मग बराच वेळ काही नाही, वर पाणी तसंच उभं.

"पडलं का?"

"नाही पडत आता."

"अजून दोन मिनिटं धर."

एका हातात फोन, एका हातात गाळणी, आणि मागं गॅसवर चहाचं आधण, आता गाळायचा कशातून हा प्रश्न.